दादाशी गॅसबद्दल बोलायचं नाही

सोमवार, १५ ऑक्टोबर २०१८. कार्ल्सरूहे

सख्ख्या भावाची लेखी तक्रार करून आल्यासारखं वाटतंय. भरला खरं तर फक्त एक फॉर्म.

सकाळी फोग्टसाहेबांनी एक नवी फाईल माझ्या टेबलावर ठेवली. (मनातल्या मनात साहेब, तोंडावर हेर फोग्ट.) आमची कंपनी बाडेनमधल्या अकरा श्टाटवेर्कांसाठी, म्हणजे गावोगावच्या वीज-गॅस पुरवणाऱ्या नगर कंपन्यांसाठी, एकत्र गॅस खरेदी करते. आजवर तो पाइपातून येत आलाय, रशियाचा नाहीतर नॉर्वेचा. आता कॅनडाचा घ्यावा का, असा विचार चाललाय. तिथली एक कंपनी अटलांटिक किनाऱ्यावर गॅस गोठवून द्रवरूप करणार आणि जहाजाने युरोपात पाठवणार. कारखाना उभा करायला बँकेचं कर्ज हवं आणि कर्जासाठी वीस वर्षं बांधून घेणारं गिऱ्हाईक हवं. ते गिऱ्हाईक आम्ही व्हायचं की नाही, हा प्रश्न. त्यातला किमतीचा अभ्यास माझ्याकडे आलाय. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळतंय.

पान उलटलं आणि विकणाऱ्या कंपनीचं नाव वाचलं. दादाची कंपनी.

दादा म्हणजे गुरुदत्त आगाशे, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, चौदा वर्षं कॅल्गरीत. मी लग्नानंतर वैशंपायन. आडनावांवरून कुणाला कधी कळलं नसतं. हा विचार मनात आला, हे इथे लिहून ठेवते. जेमतेम पाच मिनिटं टिकला असेल, पण आला.

मग उठून फोग्टसाहेबांना सांगितलं. त्यांनी मला कॉम्प्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाच्या, फ्राउ हार्टविगकडे पाठवलं. तिथे नात्याचा फॉर्म भरला. दादा वाटाघाटीत नाही, गॅस कुठून कसा आणायचा त्याचं नियोजन करतो, म्हणून मी कामावर राहू शकते. अट एकच. काम संपेपर्यंत दादाशी गॅस या विषयावर चकार शब्द बोलायचा नाही. आणि प्रत्येक फोनची नोंद ठेवायची: तारीख, वेळ, मिनिटं, विषय. ती नोंद ऑफिसच्या तक्त्यात जाईल. जे त्या तक्त्यात मावणार नाही, ते लिहायला ही वही घेतली.

संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं.

“तू आहेस होय त्यात,” म्हणाला. “छान. मग माझी काळजी मिटली. कोणीतरी नीट बघेल.”

“दादा, आता यापुढे आपण—”

“कळलं गं. गॅस बंद.”

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

आज दादाशी गॅसशिवाय पहिला फोन. पहिली तीन मिनिटं दोघांनाही काही सुचेना. आम्ही वर्षानुवर्षं हेच बोलत आलोय. मी या क्षेत्रात आले तीच त्याच्यामुळे. चिंचवडला असताना तो मला सिलिंडर हलवून किती गॅस उरलाय ते ओळखायला शिकवायचा, आणि इथल्या विद्यापीठाचा मास्टर्सचा फॉर्मही त्यानेच भरला होता.

शेवटी आईच्या गुडघ्यावर बोललो. मग थालीपिठावर. त्याचं म्हणे मधे कच्चं राहतं. मी म्हटलं, भोकं पाडतोस का? तो म्हणाला, एक पाडतो. मी म्हटलं, पाच पाड. एकवीस मिनिटं झाली.

तक्त्यात विषय लिहिला: थालीपीठ. दुपारी फ्राउ हार्टविगचा फोन आला. हा कसला सांकेतिक शब्द आहे, असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. मी कृती सांगितली. त्यांनी लिहून घेतली.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

दोन आठवडे नुसतं वाचते आहे.

कॅनडात गॅस इतका आहे की दादाच्या आल्बर्टा प्रांतात कधीकधी त्याला किंमतच उरत नाही. गेल्या वर्षी काही दिवस तर विकणाराच वरून पैसे देत होता, कारण पाइप भरलेले आणि गॅसला जायला जागा नाही. इकडे सप्टेंबरात आमच्या बाजारात तोच गॅस अव्वाच्या सव्वा. शाळकरी पोरसुद्धा म्हणेल, मग तिकडचा इकडे आणा की. पण मधे साडेचार हजार किलोमीटर पाइप आहे, मग उणे एकशे बासष्ट अंशांपर्यंत गोठवणं, मग जहाज, आणि जर्मनीत ते उतरवून घ्यायला एकही बंदर तयार नाही. रॉटरडॅमला उतरवायचा. ‘फुकट’ गॅस कार्ल्सरूहेला पोचेपर्यंत मेगावॉट-तासाला एकवीस युरोंना पडतो. म्हणजे पुढची वीस वर्षं इथला बाजारभाव सरासरी एकवीसच्या वर राहणार असेल तरच करार करायचा. राहील का? तेवढंच मला सांगायचंय.

आणि दर प्रांताचं धोरण वेगळं. आल्बर्टाला गॅस विकायची घाई. किनाऱ्यावरच्या प्रांताला स्वतःच्या समुद्रातल्या विहिरी आटल्याची चिंता, आणि जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढायला तिथे बंदी. निर्यात वाढली की घरचा भाव वाढेल का, यावर गावोगाव जाहीर सुनावण्या झाल्या. त्यांची सहाशे पानं फाईलीत आहेत. ती कुणी वाचत नाही. मी वाचते आहे.

त्यात एका बाईंचं बोलणं आहे. नाव मिसेस मॅकआयझॅक, वय एक्क्याऐंशी. त्या म्हणाल्या, “पाइप माझ्या परसातून जातो. गॅस युरोपात जाणार. मी मात्र लाकडं फोडते. मला एक नळी काढून देता येईल का?” त्यापुढे छापलंय: कंपनीचे प्रतिनिधी: बघतो. बस, एवढंच.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर. भाऊबीज

संध्याकाळी पाचला दादाला व्हिडिओवर ओवाळलं. तिकडे सकाळचे नऊ. दादा घरी होता, स्वेटरमध्ये, दाढी वाढलेली.

“ऑफिस नाही?” मी विचारलं.

“आज घरून.”

मी फोनसमोर ताट फिरवलं. माझा नवरा सुमित म्हणाला, निरांजनाने स्क्रीन तापेल. आमच्या लेकीने, स्वानंदीने, मामाला जर्मनमधून हॅपी बर्थडे म्हटलं. ओवाळणं म्हणजे वाढदिवस, अशी तिची सात वर्षांची समजूत आहे. दादा खूप हसला, आणि मग जरा जास्तच वेळ चष्मा पुसत बसला.

“तुझ्याबद्दल विचारत होते आमच्याकडे,” जाता जाता म्हणाला.

“कोण?”

“वरचे. मी म्हटलं, ती माझी बहीण आहे. त्यापलीकडे काही नाही.”

बरं वाटलं. माणसं चांगली दिसतात. घरच्यांची चौकशी करतात.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

नीलिमा वहिनीचा फोन आला. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, आपणहून क्वचितच करते. म्हणाली, “सुनेत्रा, त्याला अधूनमधून फोन करत जा हं. तुझ्याशी बोलला की बरा असतो.”

“काही झालंय का वहिनी?”

“नाही गं. थंडी आहे.”

तिकडे उणे सतरा आहे म्हणे.

मंगळवार, ११ डिसेंबर

दादाचे फोन हल्ली माझ्या जेवणाच्या सुट्टीत येतात. दीड वाजता, म्हणजे त्याच्याकडे पहाटे साडेपाच. हा माणूस कॉलेजात असताना आठला पाणी मारल्याशिवाय उठत नसे. कारण विचारलं तर म्हणतो, वय झालं, झोप कमी झाली.

मागे इंजिनाची घरघर असते. “गाडी गरम करतोय,” म्हणतो. वीस वीस मिनिटं गरम करतो. एवढी कुठली गाडी घेतलीय? मधेच म्हणाला, “थांब, मागचे दिवे बघून येतो,” आणि खाली उतरून चालत गेला ते परत यायला चांगला वेळ लागला. बर्फ दाबल्याचा आवाज येत होता.

पण दादा मजेत आहे. बोलणंही बदललंय. पूर्वी पाइप, दाब, भाव. आता म्हणे, एक मुलगी रोज एकच हातमोजा घालून येते, दुसरा कधीच सापडत नाही. एका मुलाला पहिल्याच सीटवर बसायचं असतं, नाहीतर रडतो. शेजारपाजारची असणार. मी म्हटलं, तुला मुलांचा एवढा लळा कधीपासून? तो म्हणाला, “तू लहान होतीस तेव्हापासून. मधे खंड पडला.”

गुरुवार, २० डिसेंबर

आज स्वानंदीला बरं नव्हतं म्हणून घरून काम केलं. चारच्या सुमारास दादाचा व्हिडिओ आला, पाच मिनिटांसाठीच. बाईसाहेब माझ्या खांद्यावरून बघत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाली, “मामा, देअर मामा फेर्ट डोख बुस.” पहिला मामा म्हणजे मी, तिची आई. दुसरा म्हणजे दादा. मामा बस चालवतो म्हणे.

मी म्हटलं, अगं तिकडे गाड्या मोठ्या असतात, त्याचा पिकअप असेल. ती नाईन म्हणाली आणि परत पांघरुणात शिरली. तापात काहीही दिसतं.

सोमवार, ७ जानेवारी २०१९

सुट्टीनंतरचा पहिला दिवस आणि पहिलीच बातमी वाईट. आमच्या व्यवसायाच्या पत्रकात आलंय: दादाच्या कंपनीने शरद ऋतूत माणसं कमी केली, आणि ‘उरलेल्या कर्मचाऱ्यांचं भवितव्य युरोपीय करारावर अवलंबून आहे.’

दिवसभर हेच वाक्य डोक्यात. उरलेले कर्मचारी म्हणजे दादा. कराराचा कागद माझ्याकडे.

सुमितला सांगितलं. तो म्हणाला, “सरळ विचार ना दादाला, नोकरीचं काय म्हणून.”

“नाही विचारता येत. तोच तर विषय बंद आहे.”

“मग फाईल सोड.”

पण सोडली तर ती माझ्या गटातल्या बर्गरकडे जाईल. तो दोन दिवसांत पंधरा युरो लिहून मोकळा होईल, आणि दादाचं ते चौदा वर्षांचं घर उठेल.

बुधवार, ९ जानेवारी

आज जे केलं ते शब्दांत लिहायचं धाडस करते.

माझा मधला अंदाज, म्हणजे वीस वर्षांची सरासरी किंमत, एकोणीस युरो येत होता. सप्टेंबरातला भाव ओसरतोय, जगभरातून जहाजं युरोपकडे वळताहेत, अमेरिकाही गॅस पाठवू लागलीय. एकोणीस आकडा मला मनापासून पटतो. आणि एकोणीस म्हणजे करार नाही.

मी तो साडेएकवीस केला.

खोटं काही लिहिलेलं नाही. जर्मनी कोळसा बंद करणार, त्यासाठी आयोग बसलाय, कोळसा गेला की गॅसची मागणी वाढणार, भाव चढणार. हे खरंच होऊ शकतं. दोन तळटीपा दिल्या. कुणालाही पटेल. फक्त मला हे आज सुचलं आणि सोमवारी सकाळी सुचलं नव्हतं.

गुरुवार, १७ जानेवारी

मंगळवारी अहवाल फोग्टसाहेबांकडे गेला. आज ते म्हणाले, “आल्झो, फ्राउ वैशंपायन, थोडं आशावादी आहे, पण मांडणी भक्कम आहे.” एकतीस तारखेच्या बैठकीत तो मीच मांडायचा आहे. पुढे गट प्रमुखाच्या जागेचंही काहीतरी बोलले. मी थँक यू म्हटलं आणि थेट टॉयलेटात जाऊन उभी राहिले.

दुपारी दादाचा फोन. “आवाज असा काय? बरं नाही का?”

“काम आहे खूप.”

“मग ऐक नुसती. मी बोलतो.” आणि तो त्याच्या रोजच्या रस्त्यावरच्या रेल्वे फाटकाची गोष्ट सांगायला लागला. फाटक ओलांडण्यापूर्वी तो गाडी पूर्ण थांबवतो, खिडकी उघडतो, दार उघडतो आणि ऐकतो. मग निघतो. उणे पंचवीसमध्येसुद्धा.

“पण त्या रुळावरून गाडी येते का?”

“मी तरी एकही पाहिली नाही. आठवड्यातून एखादी येत असेल.”

“मग कशाला दार उघडतोस?”

“सवय केलीय. मागचे बडबडत असतात, तेवढ्यापुरते तेही गप्प होतात. बरं वाटतं गं.”

मागचे कोण, हे विचारायचं राहिलं. दादा इतका सावध कधी झाला? कोथरूडला त्याच्या स्कूटरवर मी डोळे मिटून बसायचे.

शनिवार, १९ जानेवारी

खालच्या फ्राउ क्युब्लरचं पार्सल आमच्याकडे आलं होतं, ते द्यायला गेले. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा नाही, मुलगा डार्मश्टाटला संशोधक. मला स्वयंपाकघरात बसवलं. त्या घरात ओव्हरकोट घालून होत्या. बाकीच्या खोल्यांचे हीटर बंद. दार उघडं राहिलं होतं तर बैठकीच्या खोलीतून गार वारा येत होता.

“हीटिंग बिघडलंय का? देखभालवाल्या हाउसमाइस्टरला सांगू?” मी विचारलं.

“नाही, नाही. मीच बंद ठेवते. माणूस एका वेळी एकाच खुर्चीवर बसतो, मग तीन खोल्या कशाला तापवायच्या? गेल्या वर्षीच्या नेबेनकोस्टेनच्या, हीटिंग-पाण्याच्या बिलानंतर मी हे ठरवलं.” तक्रारीचा सूर नव्हता. मला केक दिला आणि स्वानंदीसाठी एक बांधून दिला.

आमच्या इमारतीला गॅस येतो तो त्या अकरांपैकी एका श्टाटवेर्ककडून. म्हणजे आमच्याकडून. मी लिहिलेला आकडा फिरत फिरत या स्वयंपाकघरात येणार, आणि वीस वर्षं येत राहणार. भाव खरंच एकोणीस राहिला तर वरचा फरक या बाईंनी आणि असल्याच हजारो लोकांनी द्यायचा. का, तर माझ्या दादासाठी.

आणि त्या दुसऱ्या, लाकडं फोडणाऱ्या. त्यांच्या परसातून तोच गॅस जाणार.

केक खाल्ला. उत्तम होता.

सोमवार, २१ जानेवारी

सकाळी आठलाच फोग्टसाहेबांच्या दारात उभी राहिले. वाक्यं ट्राममध्ये पाठ केली होती, काइझरश्ट्रासेच्या खोदकामामुळे ट्राम पंधरा मिनिटं अडकली म्हणून दोनदा पाठ झाली. प्रत्यक्षात एवढंच म्हणता आलं, “अहवालातला आकडा चुकीचा आहे. मी तो वाढवला.”

त्यांनी दार लावून घेतलं. “गणितात चूक झाली?”

“नाही. माझ्या भावाची नोकरी जाईल म्हणून.”

ते परत खुर्चीत बसले. मग विचारलं, “तुमचा भाऊ बेकरीत पाव भाजत असता तर तुम्ही काय लिहिलं असतं?”

“एकोणीस.”

“गेनाऊ. अगदी बरोबर.” त्यांनी पेनाने साडेएकवीसवर रेघ मारली. “मला हे हार्टविगना कळवावं लागेल. बैठकीत बर्गर बोलेल. गट प्रमुखाचा विषय या वर्षी नाही. हे तुम्हाला समजतंय ना?”

“हो.”

“अहवालावर नाव तुमचंच राहील,” ते म्हणाले. “एकोणीस तुमचे आहेत. आणि फ्राउ वैशंपायन, मला एक मोठी बहीण आहे. मी तुमच्या जागी असतो तर आज सकाळी आलो असतो की नाही, मला ठाऊक नाही.”

घरी येऊन सुमितला सांगितलं. त्याने चहा केला, जो तो कधीच करत नाही. फार गोड झाला होता. दोघांनी प्यायला.

दादाचा फोन आज घेतला नाही. कुठल्या तोंडाने घेऊ?

गुरुवार, ३१ जानेवारी

सकाळी अकराला बैठक संपली. करार नाही. विकणाऱ्या कंपनीला दुपारी पत्र गेलं. फ्राउ हार्टविगनी मेल केला की नोंदींचा तक्ता बंद, आता भावाशी हवं ते बोला. खाली लिहिलं होतं, थालीपीठ जमलं, घरी सगळ्यांना आवडलं.

पाच वाजता दादाला फोन लावला. तिकडे सकाळचे नऊ.

“दादा, आमच्याकडून ‘नाही’ असं पत्र गेलं.”

“बरं.”

“माझ्या आकड्यावरून गेलं. एकोणीस लिहिले मी.” रडायचं नाही ठरवलं होतं. “तुझी नोकरी गेली ना माझ्यामुळे?”

“सुनू, थांब. आधी श्वास घे. माझी नोकरी ऑक्टोबरातच गेली.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

मग त्याने सगळं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, थालीपिठाबद्दल बोलावं तसं. सुनावणीत एका म्हाताऱ्या बाईंनी परसातल्या पाइपातून नळी मागितली होती. ‘बघतो’ म्हणणारा कंपनीचा प्रतिनिधी दादाच होता. आणि त्याने खरंच बघितलं. किनाऱ्यावरच्या लोकांचा गॅस आधी बाजूला काढायचा, जुन्या पाइपांची क्षमता वाढवायची, त्याचा खर्च धरायचा, तर युरोपला सांगितलेल्या किमतीत गॅस देता येत नाही, अशी टिपणी त्याने वर पाठवली. ती वरच्यांना आवडली नव्हतीच. मग माझं नाव कळलं.

“म्हणाले, बहीण आहे तर विचार, ते लोक कितीपर्यंत जातील. मी नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात यादी निघाली, त्यात मी होतो.”

“आणि तू मला भाऊबिजेला सांगितलं नाहीस?”

“काय सांगणार होतो? तुला कळलं असतं तर तू चिडली असतीस. चिडून आकडा खाली ओढला असतास. मग तो तुझा आकडा राहिला नसता. मला वाटलं, आपण गप्प बसलो तर निदान तुझा कागद स्वच्छ राहील.”

ज्या कागदासाठी हा तीन महिने गप्प राहिला, त्या कागदाचं मी काय केलं होतं, ते माझ्या तोंडातून निघेना.

“मग आता काय करतोस?” एवढंच विचारलं.

“शाळेची बस चालवतो. एक्केचाळीस मुलं. आत्ता डेपोत उभा आहे, सकाळची फेरी झाली.”

इंजिनाची घरघर, मागचे दिवे, हातमोजा, फाटक, मागचे बडबडणारे. माझ्या या वहीत सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. सात वर्षांच्या मुलीला एका नजरेत दिसलं ते किमतींची विश्लेषक म्हणून पगार घेणाऱ्या बाईला दिसलं नाही.

“दादा, तुला वाईट नाही वाटत?”

“पहिले दोन आठवडे दाढी केली नाही. मग नीलिमा म्हणाली, निदान घराबाहेर तरी पड. पडलो.” मग म्हणाला, “तुझं जेवण झालं की फोन कर. आता बोलूया की गॅसवर. किती साठलंय.”

सव्वा तास बोललो जेवणानंतर. वीस मिनिटं गॅसवर. बाकीचा वेळ त्या मुलांवर.

शुक्रवार, २९ मार्च

दादा आठवडाभर आलाय. तिकडे शाळांना वसंताची सुट्टी, म्हणून बसही बंद. उद्या परत जाणार.

आठवड्यात तो ट्रामच्या सगळ्या लाइनी फिरून आला, फ्राउ क्युब्लरच्या खिडक्यांच्या फटी बुजवून दिल्या, आणि आईला फोनवर गुडघ्याचे व्यायाम करायला लावले. बुधवारी ऑफिसात घेऊन गेले. फोग्टसाहेबांनी विचारलं, सध्या काय करता? दादाने कसलेही आढेवेढे न घेता सांगितलं, शाळेची बस चालवतो. साहेबांनी तासभर त्याला सोडलं नाही. आधी पाइपांवर, मग बर्फात चाळीस मुलं घेऊन ब्रेक कसा लावतात यावर.

आज जेवताना त्याने बातमी दिली. किनाऱ्यावरच्या प्रांताच्या ऊर्जा मंडळाने त्याला बोलावलंय, घरगुती गॅस कुठवर नेता येईल ते बघायला. सुनावणीत समोर बसलेल्या एका सदस्याला त्याची टिपणी कुठून तरी मिळाली होती. नीलिमा वहिनीला तिथल्या हॉस्पिटलात काम मिळेल.

“कधीपासून?”

“ऑगस्ट. ते एप्रिल म्हणत होते. मी म्हटलं, जूनपर्यंत शाळा आहे, मुलांना मधेच कसा सोडू?”

दुपारी आम्ही दोघंच श्लोसगार्टनमध्ये फिरायला गेलो. ऊन होतं पण वारा बोचरा. अर्धी बाग ओलांडेपर्यंत मी विचार करत होते, मग थांबले आणि सांगितलं. बारा दिवस तो आकडा बदललेला होता. कुणी सांगितलं नव्हतं, मीच बदलला होता. का बदलला तेही सांगितलं. मग परत कसा लिहिला आणि त्यात काय गेलं, तेही.

दादा बाकावर बसला. समोरच्या हिरवळीवर कुणीतरी कुत्र्याला चेंडू फेकत होतं. तो तिकडेच बघत होता. माझी मान वर होईना.

“किती वाढवला होतास?” त्याने विचारलं.

“अडीच युरो.”

“अडीच?”

“हो.”

“सख्ख्या भावासाठी अडीच,” दादा म्हणाला. “आणि मी तिकडे समजत होतो, तुझा माझ्यावर फार जीव आहे.”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा गंभीर होता, डोळे भरलेले होते, आणि ओठ हसू दाबून थरथरत होते. मग दोघांनाही आवरेना. कुत्रा चेंडू सोडून आमच्याकडे बघायला लागला. हसून हसून पोट दुखलं तेव्हा दादाने माझा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा मनगटापाशी, आणि म्हणाला, “चल, स्वानंदीची शाळा सुटेल. आणायला मी येतो.”